एस.टी.चा डबा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. गावाहून सकाळच्या एस.टी.ने डबा येतो. १९४८ साली पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली; ती पुढे आयांच्या भाकऱ्याही वाहील, असं कुणाला वाटलं असेल? कंडक्टरमामांची ओळख ना पाळख, पण डबा जपून आणतात.

खोलीत मी भिंतीकडे तोंड करून जेवत असे. भाकरी-ठेच्याची लाज, दुसरं काय! श्रावणात ओढ्याला पूर आला नि आमची गाडी अडली. खोलीतल्या तिघांचे डबे दुसऱ्या गाड्यांनी आले होते. न बोलता त्यांनी अर्धी-अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. त्यांच्याही डब्यात ठेचाच!

रविवारी आईकडे जादा भाकरी मागितल्या.

"कुणाची पोरं ती?"

तिला आडनावं हवी होती. "माझ्या खोलीतली," मी म्हणालो. ती गप्प राहिली.

सोमवारी स्टँडवरच डबा उघडला. दोनाच्या सहा झाल्या होत्या.