गाडी लागली का?

सकाळचे पावणेनऊ. क्रांती चौक. जालना रोडवर ऑफिसवाल्यांची ही गर्दी! गळ्यात आयकार्ड, कानात इअरफोन, सिग्नल सुटायच्या आधीच हॉर्न. सगळ्या शहराचा दिवस सुरू होत होता आणि मी नाईट संपवून शेअर रिक्षातून उतरत होते. मार्च 2022 मधली गोष्ट. महिनाभरापूर्वीच चौकात शिवाजी महाराजांचा नवा पुतळा बसला होता, त्यामुळे एवढ्या सकाळीही कुणी ना कुणी मोबाइल वर करून फोटो काढत असायचं. मी टपरीवर चहा घेतला आणि तिथेच, उभ्या उभ्या, राजीनामा टाइप केला. चार ओळी. 1857 च्या उठावातल्या सैनिकांना जिथे मरण दिलं गेलं, तो काळा चबुतरा याच चौकातला. त्या मानाने माझी क्रांती फारच किरकोळ. पण आमच्या घरात तिने पुरेसा भूकंप केला!

आज मी फ्रीलान्स पत्रकार आहे. मास कॉमची डिग्री नंतरची. त्याआधी बी.एस्सी. नर्सिंग आणि साडेतीन वर्षं 'सिस्टर'. तेही हॉस्पिटलात नाही, तर सिडकोच्या पलीकडच्या एका खासगी केअर सेंटरमध्ये. अंथरुणाला खिळलेले, अर्धांगवायू झालेले, स्मृतिभ्रंशाचे आजी-आजोबा. 'सिस्टर' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर इंजेक्शन येतं ना? आमच्याकडे इंजेक्शनं कमीच. नाकातल्या नळीतून पातळ जेवण, डायपर, कफ ओढून काढणं आणि टर्निंग. म्हणजे ज्याला स्वतःहून कुशीवर वळता येत नाही, त्याला दर दोन तासांनी वळवायचं. नाही वळवलं तर एकाच जागी दाब पडून कातडी मरते, जखम होते. तोच बेडसोअर. आमच्याकडे असे अकरा जण होते आणि रात्री एक सिस्टर, एक मावशी. दहा, बारा, दोन, चार, सहा. पाच फेऱ्या. करा गुणाकार. रात्रीत पंचावन्न वेळा माणूस उचलायचा. कंबर म्हणजे काय असते, ते मला चोविसाव्या वर्षीच कळलं.

पण कंबरेमुळे नाही सोडलं. पगारामुळेही नाही, जरी तो हसण्यासारखा होता. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलमध्येसुद्धा नर्सला निदान वीस हजार रुपये द्या, असं सुचवलं होतं. माझ्या स्लिपवर कधी ते वीस हजार उगवलेच नाहीत.

सोडलं ते सात नंबरच्या बेडमुळे.

सात नंबरचे आजोबा एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी स्ट्रोक. शरीराची एक बाजू गेलेली आणि रात्र-दिवसाचा हिशेब पुसलेला. दर रात्री कधीतरी त्यांचा आवाज यायचा, "पोरी, वैजापूरची गाडी लागली का?" सुरुवातीला मी म्हणायचे, "लागली की आजोबा. बसा आता, जागा मिळाली." मग ते खूश होऊन डोळे मिटायचे. कधी मीच विचारायचे, "सुट्टे आहेत का?" आणि ते हलत्या हाताने खांद्यावरची नसलेली बॅग चाचपायचे. लॉकडाऊनमध्ये भेटायला येणं बंद झालं, तेव्हा त्यांच्या मुलाचा व्हिडिओ कॉल मीच धरून उभी असायचे. आजोबा स्क्रीनकडे बघून मलाच विचारायचे, "हा पॅसेंजर कोण?"

दुसऱ्या वर्षी मी नुसतं "हो, लागली" म्हणायला लागले. तिसऱ्या वर्षी उत्तर देणं बंद झालं. ठरवून नाही हं. चारची फेरी आटपायची असायची, तोंड उघडायचंही जिवावर यायचं. ते दोनदा-तीनदा विचारायचे आणि गप्प व्हायचे.

एका पहाटे साडेपाचला ते गेले. नाडी बघितली, डॉक्टरांना फोन केला, घरच्यांना कळवलं. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं, एकही चूक नाही. आणि या सगळ्याच्या आधी, त्यांच्या हातावरून बोटं उचलताना, माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार काय होता माहितीये? सहाच्या फेरीत एक कमी.

त्याच सकाळी मी क्रांती चौकात उतरले होते. रडू येईल म्हणून थांबले. आलं नाही. चहा मात्र गार झाला.

'बर्नआउट' हा शब्द आपण ऑफिसात किती सहज फेकतो! सोमवारी कंटाळा आला, बर्नआउट. अप्रेझल मनासारखं नाही, बर्नआउट. मीही फेकते, उगाच शहाणपणा नको. पण हा शब्द मुळात शुश्रूषेच्याच घरचा आहे, हे मला पत्रकार झाल्यावर कळलं. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणारी माणसं बघून, स्वतःलाही त्यात मोजून, 1974 मध्ये त्यावर लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या यादीत बर्नआउट आजार म्हणून नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या आणि कुणी न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून आहे. त्याच्या तीन खुणा: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. दुसरी खूण वाचताना मला सात नंबर दिसला.

घरी मात्र थिअरी चालत नाही. आत्याने फोनवर सरळ ऐकवलं, "त्या अरुणाला केईएमच्या पोरींनी बेचाळीस वर्षं सांभाळलं. तुला साडेतीन जमेनात?"

हे लागलं. खूप दिवस लागत राहिलं. अरुणा शानबाग स्वतः मुंबईच्या केईएममध्ये नर्स. 27 नोव्हेंबर 1973 ला तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने तिच्यावर हल्ला केला आणि त्यानंतर ती कधी पूर्ण शुद्धीवर आलीच नाही. 18 मे 2015 पर्यंत ती चार नंबर वॉर्डालगतच्या खोलीत होती. तिला बेडसोअर होऊ दिला नाही, हे ऐकून लोक "वा" म्हणतात. मी आधी दर दोन तासांचा हिशेब करते. महापालिकेने तिला तिथून हलवायचं म्हटलं, तर नर्सेस आडव्या उभ्या राहिल्या. पिंकी विराणींनी तिच्यासाठी दयामरण मागितलं, तेव्हा सुप्रीम कोर्टाने 7 मार्च 2011 च्या निकालात ते नाकारलं आणि तिच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या स्टाफला दिला. नात्याला कायद्याने नाव दिलं म्हणा ना.

आत्या, मलाही त्या सिस्टर्सपुढे नमस्कारच करावासा वाटतो. पण त्या बेचाळीस वर्षांत एकच सिस्टर नव्हती गं. एक रिटायर झाली, तर दुसरी आली. हल्ल्यानंतर जन्मलेल्या मुलीही पुढे ड्युटीला लागल्या. प्रत्येक शिफ्टच्या शेवटी ती अरुणाला कुणाच्या तरी हाती देऊन घरी जायची, जेवायची, झोपायची. माझी बदली सिस्टर आलीच नाही म्हणून मी सलग दोन नाईट केल्यात, तीनही केल्यात. हे आत्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, मग बोलली का नाहीस? आणि तो प्रश्न बरोबरच असेल.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मी अजून सोडलेलं नाही. का, ते विचारू नका.

गेल्या महिन्यात एका स्टोरीसाठी निघाले होते, तर क्रांती चौकात आमच्या मावशी दिसल्या. हातात डब्याची पिशवी, सिडकोची रिक्षा भरायची वाट बघत. नाईटलाच निघाल्या होत्या. "वाळलीस गं पोरी," म्हणाल्या. मी विचारलं, सात नंबरला कोण आहे? "आता एक आजी आहेत. पैठणच्या. लई भांडतात." आणि सिस्टर?

"नवीनच आहे. दोन महिने झाले," मावशी रिक्षात सरकून बसत म्हणाल्या. "चांगलीय. अजून सगळ्यांशी बोलते."