'ग' मिळालेली मुलगी

तुमच्यापैकी पुष्कळांचा तेव्हा जन्मही झाला नसेल. २००८ साल होतं. मी डी.एड.ला होते आणि आम्ही चार मैत्रिणी एका आजींकडे खोली घेऊन राहत होतो. आजींच्या टीव्हीवर झी मराठीचा 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' लागला, की आमच्या पाठटाचणाच्या वह्या आपोआप मिटायच्या. त्या काळात भारनियमन फार! नेमकी छोटी मुग्धा गायला उभी राहावी आणि वीज जावी. मग ते गाणं कसं झालं असेल, यावर आम्ही अंधारातच भांडायचो.

अलिबागची मुग्धा वैशंपायन, आळंदीची कार्तिकी गायकवाड, आरवलीचा प्रथमेश लघाटे, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत. या पाच जणांना सगळे 'पंचरत्नं' म्हणत. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी जिंकली. मी आर्याच्या बाजूची, त्यामुळे त्या रात्री जेवलेच नाही. (हसू नका!)

तिथली एक गंमत मला फार आवडायची. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत गुणांऐवजी सूर द्यायचे. कुणाला 'ध', कुणाला 'नी'.

पुढे मी एका खेड्यातल्या शाळेत शिकवू लागले. २०१२ मध्ये एका शनिवारी माझ्या तिसरीच्या वर्गात मीही 'लिटिल चॅम्प्स' घेतलं. फळ्यावर रंगीत खडूने नाव लिहिलं, पट्टीचा माईक केला आणि थाटात खुर्चीवर बसून सूर वाटले. एक मुलगी गाताना घाबरली. आवाज चिरकला, दुसरं कडवं विसरली. मी म्हटलं, "तुला 'ग'!" वर्ग हसला. खरं सांगते, मीही हसले.

सोमवारी प्रार्थनेला तिचे ओठ मिटलेले. मंगळवारीही तसेच. पाढेसुद्धा ती मनातल्या मनात म्हणू लागली. मुलं तिला 'ग' म्हणूनच हाक मारतात, हे मला आठवड्याने कळलं.

टीव्हीवरची ती मुलं माईकसमोर येण्याआधी किती शिकलेली होती! कार्तिकीचे वडील संगीत शिकवणारे, आर्याची आई गायिका. आणि मी? एक सूरही न शिकवता थेट परीक्षक झाले होते.

मग एके दिवशी त्या मुलीचे आजोबा शाळेत आले. गावच्या भजनात ते पेटी वाजवत. पेटी धोतरात गुंडाळून आणली होती.

"बाई, माझ्या नातीला 'ग' दिलात म्हणे."

माझी तर मान वर होईना. आजोबांनी सतरंजीवर बसून भाता मोकळा केला.

"पोरांनो, हा भूप राग. ह्यात सूर पाचच. सा, रे, ग, प, ध. ज्या 'नी'साठी तुम्ही एवढ्या उड्या मारता, तो इथे औषधालाही नाही. मग ह्या रागाचा राजा कोण?" त्यांनी एकच सूर लांबवला. "ग! त्याला वादी सूर म्हणतात. आणि ध त्याचा प्रधान."

वर्ग चिडीचूप. मागून कुणीतरी हळूच 'ग' लावला. मला वाटलं, तीच! तर शेजारची म्हणाली, "मी होते बाई."

ती त्या दिवशी गायली नाही. दिवाळीनंतर कधीतरी प्रार्थनेत तिचे ओठ हलताना दिसले. मी मात्र सूर वाटायचं कायमचं सोडलं. शनिवारी आजोबा यायचे आणि आम्ही सगळे एकदम, बेसूर तर बेसूर, गायचो.

२०२१ मध्ये 'लिटिल चॅम्प्स' पुन्हा आलं, तेव्हा परीक्षकांच्या जागी कोण होतं माहीत आहे? तीच पंचरत्नं. जिंकलेली एक आणि न जिंकलेले चार, शेजारी शेजारी! कोरोनाचे दिवस, शाळा बंद. तेवढ्यात त्या मुलीचा फोन आला. आता ती बारावीत होती.

"बाई, बघताय ना?"

मागे पेटीचे सूर ऐकू येत होते. म्हटलं, "आजोबा अजून वाजवतात वाटतं?"

"आजोबा इथं बसून चुका काढतायत," ती म्हणाली. "फोन स्पीकरवर ठेवलाय बाई. पेटीवर मी आहे."