तांबडो

रापण ओढायला दोन्ही दोरांवर माणसं लागतात आणि ती ओढून होईपर्यंत कुत्र्यांना काहीच काम नसतं. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरची कुत्री हा रिकामा वेळ कसा घालवायचा ते पिढ्यान्‌पिढ्या शिकलेली आहेत. ती वाळूत लोळतात, एकमेकांचे कान चावतात आणि जाळ्याची खोळ काठाला टेकली की उठून रापणकरांच्या पायांत येतात. शिव्या खातात, पेडवेही खातात. चांगला मासा टोपल्यांत जातो, वाटे पडतात, बारीकसारीक माल वाळूत राहतो. केंड तेवढे फुगून पडून असतात, त्यांच्या वाटेला कोणी जात नाही.

तांबडो या गर्दीत कधी आला नाही. तो वर सुरूच्या सावलीत उभा असायचा. माणसं वाटे घेऊन पांगली, बाकीची कुत्री पोट फुगवून आडवी झाली, की मग खाली यायचा. तोवर उरलेलं असायचं ते शेपट्या आणि डोकी. "हो शेवटच्या पंगतीचो," काकी म्हणायची.

काकीच्या घराचं मागलं दार किनाऱ्याकडे उघडतं. दुपारी जेवणं झाली की ती माशाचे काटे आणि कढीभात एका टवके उडालेल्या ताटलीत घालून गडग्यावर ठेवायची आणि दार लावून घ्यायची. दार लागल्याचा आवाज आल्याशिवाय तो गडग्यापाशी येत नसे. मी एकदा फटीतून पाहायला गेलो, तर काकीने मला मागे ओढलं. "भियता तो. भियांदे. तुका काय करूचा हा?"

परगावचे लोक त्याला पाहून म्हणत, बिचाऱ्याला कुणीतरी खूप मारलं असणार. मला तसं वाटत नाही. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी बार हार्बर इथे कुत्र्यांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. पिल्लाची माणसाशी ओळख व्हायची ती साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात. तेवढा काळ माणसाविना गेला तर पुढे ते माणसापासून लांबच राहतं, कुणी बोटही लावलेलं नसलं तरी. तांबडो जन्मला २०२१ च्या उन्हाळ्यात, सुरूच्या बनात. टाळेबंदीने किनारा ओस पडलेला. पॅराशूटवाले नाहीत, नारळपाण्याच्या गाड्या नाहीत, पोरंटोरं घरात कोंडलेली. मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते वादळ आलं आणि माडांसकट काय काय आडवं करून गेलं. ओळख करून घ्यायच्या वयात त्याला बहुतेक माणूस भेटलाच नाही, वारा भेटला. त्याच्या भीतीला गुन्हेगार नव्हता.

मुंबईची नोकरी सोडून मी तेव्हा घरी राहायला आलो होतो. संध्याकाळी मोरयाच्या धोंड्यापर्यंत चालत जायचो. याच धोंड्यापाशी पूजा करून १६६४ साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाच्या बांधकामाला हात घातला, हे आम्हाला शाळेत घोकवलेलं. तेवढ्या कारणाने मी तिथे जात होतो असं नाही, पण पाय तिकडेच वळायचे. काही दिवसांनी ध्यानात आलं की मागून कोणीतरी येतंय. मी थांबलो की तो थांबे. मी वळून पाहिलं की तो भलतीकडे, समुद्रात काही महत्त्वाचं चाललं असल्यासारखा पाहत राही. आमच्यात पाच-सात हातांचं अंतर असायचं. पुढे ते तीन हातांवर आलं. त्याहून कमी कधी झालं नाही, आणि ते व्हावं असं मलाही वाटेनासं झालं. बिस्किटाचा पुडा मी खिशात ठेवून पाहिला होता. तो बिस्किटासाठी येत नव्हता. कशासाठी येत होता ते त्याने कळू दिलं नाही.

१ जूनला यांत्रिक बोटींची मासेमारी सरकार बंद करतं. रापण बंद करायला सरकार लागत नाही, ते काम समुद्र स्वतःच करतो. होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या जातात आणि किनाऱ्यावरच्या कुत्र्यांचे उपासाचे दोन महिने सुरू होतात. २०२२ च्या पावसात तांबडो तीन पायांवर दिसला. पुढच्या उजव्या पायात तंगुसाचा फास रुतला होता. जाळ्याचा तो तंगूस कुजत नाही, तुटत नाही, ओढला की अधिकच आवळतो. चार दिवसांत जखमेत किडे पडले. वास गडग्यापर्यंत यायचा. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, धरून आणा, लगेच करू. धरणार कोण?

कोल्हापूरला माझी भाची असते. तिच्या ओळखीची दोन मुलं तिथल्या एका प्राण्यांच्या निवाऱ्यात काम करत. ती गाडी घेऊन आली, शाकारलेल्या होडीच्या दोन्ही बाजूंनी वाकली आणि गुंगीचं इंजेक्शन लागल्यावर तांबडो थोडा धावून ओल्या वाळूत बसला, मग कलंडला.

तेव्हा मी त्याला पहिल्यांदा हात लावला. पाठीवरचे केस खाऱ्या वाऱ्याने राठ झालेले, मुळाशी वाळू. कानामागे मात्र फार मऊ होता. वर्षभर ज्याने हे आपल्यापाशी राखलं होतं, तो शुद्धीत नसताना मी ते घेतोय असं वाटलं आणि हात काढून घेतला. मुलांनी त्याला उचलून पिंजऱ्यात ठेवलं आणि गाडी फोंडा घाटाच्या वाटेला लागली.

निवारा स्वच्छ होता, हे आधी सांगायला हवं. सिमेंटची फरशी, जाळीचे कप्पे, फिनेलचा वास, मोठ्या पातेल्यात शिजणारा कोंबडी-भात. पाय वाचला होता. पण एक कुत्रं भुंकलं की साठ भुंकत, आणि पत्र्याखाली तो आवाज कुठे जाणार? तांबडो कप्प्याच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला. मी हाक मारली. कान हलला, मान वळली नाही. किनाऱ्यावर भीती वाटली की त्याला मागे सरता यायचं. इथे मागे भिंत होती.

तिथे काम करणारे एक मामा होते. रोज दुपारी ते तांबडोच्या कप्प्यात जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसत आणि 'पुढारी' मोठ्याने वाचत. पंचगंगेची पाणीपातळी, बाजारभाव, निधनवार्ता, सगळं. डोळ्याला डोळा द्यायचा नाही, हात पुढे करायचा नाही, नुसता आवाज ओळखीचा होऊ द्यायचा. "भ्या काय सोडंना ह्यो," ते म्हणाले, "पर परवा माज्या सदऱ्याचा वास घेतला बगा." मला त्या सदऱ्याचा हेवा वाटला.

महाभारतातला कुत्रा म्हटलं की युधिष्ठिरामागून स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला तेवढा सगळ्यांना आठवतो. आदिपर्वात, अगदी आरंभाला, आणखी एक आहे. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचं पिल्लू शिरतं. ते हविर्द्रव्याला तोंड लावत नाही, त्याकडे पाहतही नाही, तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. सरमा येऊन जाब विचारते. कोणी उत्तर देत नाही, तेव्हा ती शाप देते: न दिसणारं भय तुझ्यावर येईल. देवांची कुत्री ती, तिला राज्य बुडव म्हणता आलं असतं, वंश बुडव म्हणता आलं असतं. तिने राजाला दिलं ते फक्त भय. याहून मोठी शिक्षा नाही, हे कुत्रीला ठाऊक असणारच.

११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं, आणि २२ तारखेला आदेश बदलून, पिसाळलेली आणि हल्लेखोर वगळता बाकीची, नसबंदी आणि लस झाल्यावर होती तिथेच सोडा म्हटलं. त्या दिवसांत आमच्या नाक्यावरही कडाक्याचे वाद झाले. ज्याने रेबीजने गेलेलं माणूस पाहिलंय त्याच्याशी मी वाद घालत नाही. मात्र दोन्ही बाजूंचे लोक 'निवारा' असं म्हणत, तेव्हा मला तो कोपरा दिसे आणि माझं पुढचं बोलणं राहून जाई.

तांबडोलाही परतच आणायचं ठरलं होतं. नारळी पौर्णिमा होऊ दे, होड्या पाण्यात जाऊ देत, म्हणजे त्याच्या खाण्याचीही सोय होईल. काकी रोज विचारायची.

"थंय तेका मासो गावता काय?"

"कोंबडी-भात गावता."

"कोंबडी! म्हणान सुकलो तो."

पौर्णिमेच्या आधीच निवाऱ्यात डिस्टेंपरची साथ आली. पाय बरा करायला नेलेल्या जागीच तिने त्याला गाठलं. दाटीवाटीने कुत्री राहतात तिथे ती शिंकेतून, नाकाडोळ्यांच्या पाण्यातून पसरते. तिच्यावर नेमकं औषध नाही, सलाइन लावून वाट पाहायची. घाबरलेल्याची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते. पुढे झटके येऊ लागले. मामांचा फोन आला तेव्हा त्यांना बोलणं जड जात होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा तो सरकला नाही, म्हणाले. मांडीवर घेतलं ते बरं झालं, असं मी त्यांना म्हणालो. भीती सरली म्हणून सरकला नाही की अंगात बळ नव्हतं म्हणून, हे मात्र विचारलं नाही.

काकीला सांगितलं तेव्हा ती विळीवर बांगडे कापत होती. हात थांबला नाही.

"खंय पुरल्यानी?"

"थंयच. मागच्या बाजूक."

"मीठ घातल्यानी मां?"

"घातल्यानी," मी म्हणालो. मला ठाऊक नव्हतं.

तिने बांगड्यांची डोकी एका बाजूला सारली. गडग्यावर आता एक काळी कुत्री येते. ती दार लागायची वाट पाहत नाही, थेट काकीच्या हातातून घेते. काकी तिला शिव्या देते.