घराचा हिशेब

बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दृष्टांत संत लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात आहे. आधी बसून खर्चाचा अंदाज न घेणाऱ्याचे काम पायावरच अडते आणि पाहणारे हसतात. खानापूर तालुक्यातील आमच्या गावी असा एक पाया आम्ही येताजाता पाहतो. जोते झाले, चिऱ्यांचे चारपाच थर चढले आणि पैसे संपले. आता त्यात घाणेरी माजली आहे. त्या घरच्यांना हसण्याचे आमच्या मनात आले नाही, कारण आम्हांसही घर बांधावयाचे होते.

२०१९ च्या ऑगस्टात बेळगाव जिल्ह्यात जी अतिवृष्टी झाली, तीत कित्येक मातीच्या घरांबरोबर आमचीही पश्चिमेकडील भिंत बसली. डागडुजी करीत काही वर्षे काढली आणि अखेर जांभ्याचे घर बांधण्याचे ठरले. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो व वारा लागला की कठीण होतो. म्हणून चिरे आणल्याबरोबर भिंतीत न घालता काही आठवडे उघड्यावर ठेवावेत.

मूळ बेत ४० फूट लांब, २० फूट रुंद अशा तीन खोल्यांचा होता. गवंडी जाणते गृहस्थ. त्यांनी जागेभोवती एक फेरी मारली व म्हणाले, “दोन हजार चिरा मागवा.” आम्ही लेकीची वही घेऊन बसलो. त्यांचा अंदाज फारसा दूर नव्हता, मात्र त्यात फुटतूट धरलेली नव्हती. ती धरता आकडा २,२०० च्या घरात गेला, आणि कौले १,८०० झाली. लाकूड, वाळू, मजुरी मिळवून पाहता गाठीशी असलेली रक्कम अपुरी पडत होती. ती पुरी करावयाची तर नदीकाठचे शेत गहाण ठेवणे भाग होते.

तिसरी खोली वडोदऱ्यास नोकरी करणाऱ्या थोरल्या दादांच्या कुटुंबासाठी होती. ती गाळावी कशी, हे कोणी बोलेना. आईच म्हणाली, “तो वर्षातून पंधरा दिवस येतो. शेत बारा महिने खायला घालते.” दादांना प्रथम वाईट वाटले. वहीतील पान त्यांना धाडले, तेव्हा त्यांचाच फोन आला की खोली नको, शेत सोडवत बसू नका.

दोन खोल्यांचा हिशेब असा. बाहेरून ३० फूट व २० फूट, भिंत ९ इंच. चारी भिंती बाहेरून मोजल्या तर १०० फूट भरतात, परंतु तसे केल्याने कोपरे दोनदा मोजले जातात. ते वजा करून ९७ फूट. मधली भिंत साडेअठरा. एकूण साडेएकशेपंधरा फूट, उंची १० फूट, म्हणजे १,१५५ चौरस फूट. दोन्ही टोकांना पाख्यांखाली ज्या त्रिकोणी भिंती येतात, त्या पुष्कळ जण विसरतात. आढे ६ फूट वर धरले तर त्या दोन मिळून १२० चौरस फूट होतात. दीडशेहून अधिक चिरे तेथेच जातात! तीन दारे व चार खिडक्या यांचे १११ वजा केले. राहिले १,१६४.

आमच्या खाणीचा चिरा १४ इंच लांब, ९ इंच रुंद, ७ इंच उंच. अर्ध्या इंचाचा सांधा धरता १०० चौरस फुटांस सुमारे १३२ चिरे लागतात. त्यावर दहा टक्के फुटतूट धरून १,७०० मागविले. दुसऱ्या खाणीचे माप निराळे असते, म्हणून भाव ठरविण्यापूर्वी चिरा स्वतः मोजून पाहावा.

पाया २ फूट रुंद, ३ फूट खोल; त्यास सुमारे ७ ब्रास दगड लागला, जोत्याचा वेगळा. छपराचे क्षेत्र जमिनीवरून मोजू नये, उतारावरून मोजावे. आमचे, पागोळ्या धरून, ९२४ चौरस फूट झाले. मंगळुरी कौले शंभर फुटांस दीडशे धरली, म्हणजे १,४०० पुरतात. (मंगळुरास १८६५ साली कौलांचा कारखाना काढणारे बासेल मिशनचे लोक प्रोटेस्टंट, पण पावसात त्यांचे कौल आपल्यालाही तितकेच उपयोगी पडले.) रिपांचे अंतर मात्र कौल हातात घेऊनच ठरवावे. बाकी लाकडाचे सुतारावर सोपविले.

नाताळ आटोपताच काम धरले, आणि मृगापूर्वी कौले चढली. पूर्वेकडील दोन्ही कोपऱ्यांना एक आड एक चिरा बाहेर सोडला आहे, म्हणजे पुढे तिसरी खोली जोडल्यास भिंत भिंतीत गुंतेल. पन्नासेक चिरे उरले. ते मागल्या दारी रचून ठेवले आहेत, आणि ऊन पडले की आई त्यांवर पापड वाळत घालते.