पाहुण्यांचं शिवार

वऱ्हाडात दुसऱ्याचं वावर पाहायला आवतण लागत नाही. रस्त्यानं जाणारा धुऱ्याशी थांबतो, पऱ्हाटीला पात्या किती लागल्या ते न्याहाळतो आणि मालक दिसलाच तर तंबाखू मळता मळता खताचं, फवारणीचं विचारून घेतो. पावसाळा सरता सरता अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिवार फेरी निघते, तेव्हा हीच खोड गावोगावहून एकत्र जमते. एरवी संशोधकांच्या राबत्यातली प्रक्षेत्रं त्या दोन-तीन दिवसांत सगळ्यांना मोकळी होतात.

इंग्लंडात १९२७ पासून लोक आपल्या खासगी बागा ठरल्या दिवशी परक्यांसाठी उघडतात. तिथला पाहुणा रंग पाहत फिरत असेल. आमचा पाहुणा बोंडं मोजतो. म्हणून त्याला देखणेपण कळत नाही असं मात्र नाही. सोयाबीन पिवळं पडून पानं गाळू लागलेलं, शेजारी तूर अजून हिरवीकंच, कपाशीवर आजचं फूल पांढरट आणि कालचं गुलाबी. हे पाहून माणसं क्षणभर गप्प होतात. मग कुणीतरी एक शेंग तोडतो, नखानं उकलतो, तीन टपोरे दाणे तळहातावर घेतो आणि एक दाताखाली धरून पाहतो. कौतुक इथं असं चावून केलं जातं.

लिंबाच्या बागेत बायकांची गर्दी जास्त. तोडणीच्या दिवसांत कोपरापर्यंत ओरखडे कुणाच्या हातावर उठतात, हे त्यांना सांगावं लागत नाही. ‘पीडीकेव्ही चक्रधर’ या वाणाला काटे नाहीत, असं सांगितल्यावर एक बाई पुढं झाली. तिनं फांदी मुठीत धरून बोटं बुडापासून शेंड्यापर्यंत सरकवली आणि मागच्यांना म्हणाली, ‘‘खरंच नाई वं माय!’’ वाणाची शिफारस याहून चांगली कुणी करील असं मला वाटत नाही.

वरुड-मोर्शीकडचे संत्रावाले फळगळीचं गाऱ्हाणं घेऊन आलेले असतात. शेंदुरजना घाटच्या पन्हेऱ्यांतून जंबेरीच्या खुंटावर बांधलेली कलमं त्यांनी लेकरांसारखी वाढवलेली. ऐन बहारात खाली पडलेल्या फळांचा हिशोब त्यांना इथं मागायचा असतो. त्यांचे प्रश्न छापील माहितीपत्रकात मावत नाहीत.

शेतकऱ्यानं पाहावं, हाताळावं, अडवून विचारावं, याचं मोल ज्यांना कळलं होतं त्यांचंच नाव या विद्यापीठाला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब केंद्रात कृषिमंत्री झाले आणि १९५९च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरलं, त्यामागं त्यांचीच धडपड होती. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर तिथं आले होते. त्यानंतर दहा वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६९ रोजी, अकोल्याचं विद्यापीठ उभं राहिलं. ते पाहायला भाऊसाहेब नव्हते.

माझं लक्ष मात्र दरवेळी एका वेगळ्याच वाफ्याकडं जातं. तुलनेसाठी काहीच उपचार न करता सोडलेला, खुरटा, पानं कुरतडलेला. भरघोस वाफ्यासमोर माणसं फोटो काढतात आणि इथं येऊन रेंगाळतात. इथं त्यांना ओळखीचं भेटतं. ‘‘हे तं आपलंच वावर दिसते बाप्पा,’’ असं कुणी बोललं की हशा पिकतो. पण हसून झाल्यावरच खरे प्रश्न सुरू होतात. पाणी किती दिलं? मजूर किती लागले? खर्च वजा जाता हाती काय राहिलं?

निघताना एका म्हाताऱ्यानं बियाण्याची पिशवी बगलेत मारली आणि तिथल्या तरुण शास्त्रज्ञाला म्हटलं, ‘‘तुमचं शिवार आमी पाह्यलं, साहेब. आता एखाद्या साली तुमीबी आमच्या शिवारात फेरी काढा ना जी.’’

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या वावराला पाणी फक्त आभाळाचं. रात्री रोही आणि रानडुकरं, दिवसा मजुराची वाट, शेवटी बाजारात पडलेला भाव. एवढ्यातून पार पडून जे घरात येतं, तेच वाणाचं खरं प्रगतिपुस्तक, आणि ते पाहायला विद्यापीठानं गावात यावं, इतकी साधी मागणी होती त्याची. तरुणानं वहीत गावाचं नाव लिहून घेतलं. म्हाताऱ्यानं वाकून ते बरोबर लिहिलंय ना, हेही तपासलं.