सरहद्दीपासून दूर

कार्बन डायऑक्साइड 31.1 अंश सेल्सिअस तापमान आणि 73.8 बार दाब या दोन मर्यादांच्या पलीकडे गेला, की तो धड वायू राहत नाही आणि धड द्रवही होत नाही, असे ग्रंथ सांगतात; परंतु परस्परांची प्रतिबिंबे असणारे औषधी रेणू ज्याला या प्रवाहाकडून रोज वेगळे करून घ्यावयाचे असतात, त्याला ही सरहद्द ओलांडण्याचे अप्रूप फारसे उरत नाही, कारण क्रोमॅटोग्राफीच्या कॉलमवर खरा अंमल घनतेचा चालतो.

40 अंशांवर 80 बार दाबाखाली या द्रावकाची घनता दर मिलिलिटरला 0.28 ग्रॅमच्या घरात असते, आणि दाब 100 बार केला की तीच 0.63 वर जाते; उलट 150 बारच्या पुढे तेवढाच दाब वाढवला तरी तिच्यात किंचितच भर पडते. क्रांतिक बिंदूच्या आसपास घुटमळणाऱ्याला म्हणूनच दाबाच्या लहानशा चढउताराचीही किंमत मोजावी लागते.

एका टोकाला थंडी आणि दुसऱ्या टोकाला ऊब, असा या यंत्राचा विचित्र बंदोबस्त असतो. पंपाचे डोके 5 अंशांच्या आसपास गार असले, तरच सिलिंडरमधून येणारा प्रवाह द्रवरूप राहून नेमका मोजला जातो. आणि कॉलमच्या पुढे, बॅक प्रेशर रेग्युलेटरपाशी, दाब एकाएकी सुटताना वायू इतका निवतो, की तो भाग 60 अंशांपर्यंत तापवलेला नसेल तर नळीवर पांढरे हिम धरते, आत शुष्क बर्फाचे कण अडकतात आणि पडद्यावरील दाबाची रेषा करवतीच्या दातांप्रमाणे वरखाली होऊ लागते.

निव्वळ कार्बन डायऑक्साइड ध्रुवीय रेणूंना दाद देत नाही, म्हणून त्यात मेथनॉल मिसळावे लागते. मात्र त्याचे प्रमाण 20 टक्के झाले की मिश्रणाचे क्रांतिक तापमान बरेच वर सरकते, आणि 40 अंशांवर, 150 बार दाबाखाली, अतिक्रांतिक म्हणून आपण जे वापरतो ते वस्तुतः उपक्रांतिक द्रव असते. या स्थित्यंतराची वर्दी डिटेक्टर देत नाही, पीक तितकेच रेखीव येते. जपावयाचे ते एवढेच, की दाब इतका उतरू नये की मेथनॉल आणि वायू यांची कॉलममध्येच फारकत व्हावी.

नवी पद्धत ठरवताना मी दाब पाचदहा बार मुद्दाम हलवून पाहतो, आणि तेवढ्याने पीक जागा सोडू लागले, तर विभाजन कितीही देखणे असले तरी ती तजवीज रद्द करतो. दप्तरात दाब, तापमान आणि मेथनॉलचे प्रमाण मुक्रर होते. अवस्थेसाठी तेथे रकाना नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेलेही नाही.