प्रिन्सची फ्लॉपी

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो अभ्यासाच्या नावावर. साल 1996, गाव रत्नागिरी. अब्बांनी त्यासाठी कर्ज काढलं होतं. आठवड्याभरातच भाईने कुणाकडून तरी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ कॉपी करून आणला आणि अम्मीला कळू नये म्हणून फ्लॉपीवर लिहिलं: ‘गणित’.

कीबोर्ड एक, भाऊ दोन. बाणांची बटणं भाईकडे, शिफ्ट माझ्याकडे. तो प्रिन्सला पळवायचा, कडा पकडायचं काम माझं. माझं बोट जरा उशिरा पडलं की प्रिन्स खाली सुळ्यांवर आणि भाईची टपली माझ्या डोक्यावर. वजीर जाफरच्या कैदेतली शहजादी तासाभरात सोडवायची. तास संपला की खेळ खलास.

हा खेळ जॉर्डन मेकनरने 1989 साली अ‍ॅपल टू या घरगुती कॉम्प्युटरसाठी लिहिला, हे मला फार उशिरा कळलं. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावायचं, त्याचं व्हिडिओ चित्रण करायचं आणि त्यावरून एकेक चित्र काढायचं. प्रिन्सची ती चाल अशी जन्मली. म्हणजे तिथेही भाऊच भावाला पळवत होता!

2000 साली भाई कुवेतला गेला. त्याच सुमारास कॉम्प्युटरचे खेळ बनवणारेही घर बदलू लागले. बंजी ही मॅकसाठी खेळ करणारी कंपनी. तिचा ‘हेलो’ 1999 मध्ये स्टीव्ह जॉब्जने अ‍ॅपलच्या मंचावरून जाहीर केला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने बंजी विकत घेतली आणि नोव्हेंबर 2001 मध्ये ‘हेलो’ आला तो एक्सबॉक्सवर. कॉम्प्युटरवर यायला त्याला आणखी दोन वर्षं लागली.

मी चिडायचो. कॉम्प्युटर अभ्यासासाठी मागता येतो, कन्सोल कोणत्या तोंडाने मागायचा? पण त्या लोकांचंही गणित होतं. प्रत्येक घरातला कॉम्प्युटर वेगळा. मेमरी वेगळी, ग्राफिक्स कार्ड वेगळं. कन्सोल मात्र लाखो घरांत एकसारखा. त्यात एक्सबॉक्सच्या पोटात इंटेलचा प्रोसेसर आणि हार्ड डिस्क, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांना तो परका मुलूख नव्हताच.

2004 मध्ये भाई सुट्टीवर आला. बॅगेत प्लेस्टेशन टू, सोबत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सॅंड्स ऑफ टाइम’. आमचा प्रिन्सही कन्सोलवर पोचला होता. एकेकाळी एकट्याने खेळ लिहिणारा मेकनर आता युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियलमधल्या मोठ्या चमूसोबत होता.

अम्मीने विचारलं, “ह्याने काय अभ्यास होतो?”

“काहीच नाही. म्हणूनच आणलाय,” भाई म्हणाला.

मग खोका माझ्या हातात देत म्हणाला, “आयुष्यात पहिल्यांदा खेळ पैसे देऊन घेतला.”

मी हसलो. तो हसला नाही.

“माझ्या पहिल्या मालकाने तीन महिन्यांचा पगार बुडवला. काम करून घेतलं आणि दिलं काहीच नाही. तेव्हा ती फ्लॉपी आठवली. आपणही कुणाची तरी मजुरी बुडवलीच की.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खेळ कन्सोलकडे गेले त्याचं हे एकच कारण नव्हे. पण तबकडीची नक्कल फ्लॉपीइतकी सोपी नव्हती आणि बनवणाऱ्यांना त्याचाही हिशेब होताच. आमच्याकडून खेळ हिरावले गेले असं मी म्हणत होतो. त्या हिशेबात आमचंही नाव होतं.

नव्या प्रिन्सकडे खंजीर होता. तो पडला की एक बटण दाबायचं, वेळ मागे फिरायची आणि तो पुन्हा कड्यावर. आम्ही एकच कंट्रोलर दोघांत धरून बसायचो. ते बटण माझ्याकडे.

“मागे ने, मागे ने!” भाई ओरडायचा. मी न्यायचो.

सुट्टी पंचेचाळीस दिवसांची होती. भाई परत गेला. ‘गणित’ची फ्लॉपी अजून कपाटात आहे. तिच्यावरचं भाईचं अक्षर पाहिलं की फेकवत नाही, आणि कुणाला कौतुकाने दाखवतही नाही.